खासगी पोहण्याचा क्लास लावण्याआधी एक तास काठावर बसा

मी जलतरण तलावावर जीवरक्षक आहे. शिकवत नाही, त्यामुळे तुम्ही कुणाकडे क्लास लावता यात माझं काही जात नाही आणि मला काही मिळतही नाही. पण उंच खुर्चीवरून दिवसभर जे दिसतं त्यात शिकणारी माणसंच जास्त असतात. कुणाचा विद्यार्थी पंधरवड्यात पाण्यात सैल होतो आणि कुणाचा महिना उलटला तरी कठडा धरून नुसते पाय आपटतो, हे वरून लख्ख दिसतं. म्हणून लोक खुर्चीखाली येऊन विचारतात. "मुलीला पर्सनल कोचिंग लावायचंय, कोण बरं?" "या वयात मला जमेल का हो?" मी पाण्याकडे बघतच उत्तर देते. त्याचा राग मानू नका, मान वळवायची मला मुभा नाही. पण उत्तरं तुटक होतात हे खरं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

पैसे नेमके कशाचे

गटाच्या बॅचमध्ये सहा मुलं असली आणि तास 30 मिनिटांचा असला, तर कोचचा हात प्रत्येकाला जेमतेम 5 मिनिटं लागतो. उरलेली 25 मिनिटं मूल काठाला लटकून आपली पाळी यायची वाट बघतं, कुडकुडतं, शेजारच्याच्या तोंडावर पाणी उडवतं. पर्सनल कोचिंगमध्ये तुम्ही ती 25 मिनिटं विकत घेता. तंत्र तेच असतं, पाणी तेच, आणि पुष्कळदा कोचही तोच. त्यामुळे निवडताना तपासायचं ते एवढंच, की ती 25 मिनिटं खरोखर पदरात पडतात का.

नेहमी पडतात असं नाही. कोच काठावर उभा, एक डोळा फोनवर, पाण्यातल्या माणसाला "अजून चार फेऱ्या मारा" सांगून दुसऱ्या कोचशी गप्पा मारायला पसार, असे 'पर्सनल' तास मी बघते. दोघांकडून पर्सनलची फी घेऊन दोघांना एकाच वेळेला बोलावणारेही असतात. त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, प्रत्येकाला वाटतं दुसरा चुकून लवकर आला.

हे फोनवर बोलून कळत नाही आणि फळ्यावर लावलेल्या पदकांवरून तर मुळीच नाही. कळतं ते बघून. ज्या वेळेला तुम्हाला क्लास हवा आहे त्याच वेळेला, कामाच्या दिवशी जा, आणि तो कोच दुसऱ्या कुणाला शिकवत असताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक तास बघा. काठावर बसून बघायला जो तलाव नाही म्हणतो, तिथे पुढची चौकशी करू नका. पालकांना आत उभं राहू न देण्यामागे काही चांगलं कारण असू शकतं हे मला मान्य आहे, पण मग बघायला काच, गॅलरी, काहीतरी असलं पाहिजे.

काठावरून काय बघायचं

आधी कोचचे डोळे. नवशिक्याचं तोंड पाण्यात असताना कोचची नजर त्याच्यावरून किती वेळा हलते ते मोजा. दोनदा हलली तर ठीक, माणूस आहे. सतत हलत असेल तर उठा.

मग तो पाण्यात आहे का ते बघा. ज्याला अजून तरंगता येत नाही त्याला काठावर उभं राहून शिकवता येत नाही, कितीही मोठा कोच असो. उलट ज्याला 25 मीटर सलग पोहता येतं आणि फक्त हात सुधारायचा आहे, त्याच्यासाठी कोच काठावर असणंच बरं. हाताचा कोन आणि अंगाचं डोलणं वरून दिसतं, पाण्यात शेजारी उभं राहून दिसत नाही. म्हणजे "कोच पाण्यात उतरत नाही" ही तक्रार सरसकट खरी नाही. कुणाला शिकवतोय यावर ते ठरतं.

यानंतर हात. माणसाला उताणं तरंगायला शिकवताना चांगल्या कोचचा एक तळवा डोक्याखाली असतो, दुसरा पाठीच्या वरच्या भागाखाली. हळूहळू तळव्याची दोन बोटं होतात, मग ती बोटंही निघतात. ती काढताना तो सांगतो का? "आता हात काढतोय, इथेच आहे" असं सांगून काढणारा कोच आणि गुपचूप काढून "बघ, जमलं की!" म्हणणारा कोच, यांत मी डोळे झाकून पहिला निवडीन. गुपचूप हात काढला की मूल तरंगतं, हे खरंच आहे. पण पुढच्या वेळी तो हात असला तरी मूल त्यावर भरवसा ठेवत नाही, आणि मग त्याची मान ताठ होते, मान ताठ झाली की कंबर खाली जाते. तो ताठपणा काढायला पुढचे कितीतरी तास जातात.

सूचना किती देतो तेही ऐका. एका फेरीनंतर "पाय सरळ, मान खाली, हात लांब, श्वास सोड, कंबर वर" अशी सरबत्ती करणारा कोच हुशार वाटतो, पण पाण्यातल्या माणसाला त्यातलं काहीही ऐकू आलेलं नसतं. एका वेळी एक. पुढच्या फेरीत तीच गोष्ट बघून मगच दुसरी.

आणि तास संपतो कसा ते पाहायचं. मूल पाण्यातून बाहेर आल्यावर कोच त्याला पालकाच्या हाती देतो, की तिथूनच पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतो? ओलं मूल, ओली फरशी, शेजारी खोल पाणी आणि सगळ्यांचा समज की ते दुसऱ्या कुणाकडे तरी आहे. खुर्चीवरून मला सगळ्यात धास्ती वाटते ती या दोन मिनिटांची.

विचारायचे प्रश्न

पट्टीचा पोहणारा चांगला शिकवेलच असं नाही. लहानपणापासून ज्याला पाण्याची भीती ठाऊक नाही, त्याला चाळिशीतल्या बाईची भीती कळायला वेळ लागतो. त्यामुळे "किती मेडल मिळाली" याऐवजी हे विचारा: "पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला पहिल्या तासाला तुम्ही काय करायला लावता?"

उत्तरात पायरीवर बसणं, तोंडावर पाणी घेणं, पाण्यात बुडबुडे सोडणं, पाण्यातून चालणं, तरंगून परत उभं राहणं असं काहीतरी यायला हवं. "एकदा खोल पाण्यात उतरवलं की भीती मोडते" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. भीती तशी मोडत नाही, पुढे वर्षानुवर्षं पाण्याकडे फिरकायची इच्छा मात्र मोडते.

दुसरा प्रश्न जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचा. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवायचा उपाय, येतो का, आणि प्रमाणपत्राची मुदत चालू आहे का. इथे एक बारीक गोष्ट आहे. नुसती छाती दाबायचा सीपीआर शिकून आलेले बरेच असतात. बुडालेल्या माणसाचं हृदय बहुधा प्राणवायू न मिळाल्यामुळे थांबतं, म्हणून त्याला तोंडातून श्वास देणंही लागतं. "श्वास देण्याचा सराव केलाय का?" असं स्पष्ट विचारा. चांगल्या कोचला या प्रश्नाचा राग येत नाही.

तिसरा प्रश्न: तुम्ही शिकवत असताना पाण्यावर लक्ष कुणाचं? शिकवणारा आणि जीवरक्षक ही दोन वेगळी माणसं हवीत. आमच्या कामात एक ठोकताळा वापरतात: आपला सगळा भाग 10 सेकंदांत नजरेखालून घालायचा आणि कुणी अडचणीत दिसला तर पुढच्या 20 सेकंदांत त्याच्यापर्यंत पोहोचायचं. शिकवता शिकवता हे होऊच शकत नाही. त्यातून बुडणारा माणूस हात हलवून ओरडेल अशी सगळ्यांची कल्पना असते. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी खऱ्या घटनांचं चित्रीकरण अभ्यासून दाखवलं, की बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. त्याला श्वास घेण्यातूनच सवड नसते. तो पाण्यात उभा राहतो, हात आडवे पसरून पाणी खाली दाबत राहतो आणि 20 ते 60 सेकंदांत खाली जातो.

म्हणून सोसायटीच्या किंवा कुणाच्या बंगल्याच्या छोट्या तलावात क्लास घेणार असाल, तर जीवरक्षक नसतो हे धरूनच चला. कोचलाच पेटका आला किंवा तो घसरून डोकं आपटलं, तर तुम्हाला बाहेर कोण काढणार? शिकणाऱ्याखेरीज एक जाणती व्यक्ती काठावर हवी, तिच्याजवळ चालू फोन हवा आणि हाताशी रिंग किंवा लांब काठी हवी. तळाच्या जाळीचं झाकण घट्ट बसलेलं आहे ना हेही बघा. झाकण सुटलेलं असेल तर पंपाच्या ओढीनं केस, कपडा किंवा हात अडकू शकतो.

पाणी

फार वेळ लागत नाही. काठावरून सर्वांत खोल जागचा तळ आणि तिथली जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तळाशी गेलेला माणूसही मला दिसणार नाही. शेवाळ, निसरडी फरशी, डोळ्यांत झोंबणारा वास, या तिन्ही तक्रारी खऱ्या. पण उग्र वास आला म्हणजे क्लोरीन जास्त पडलंय असं समजू नका. तो वास क्लोरीन आणि लोकांचा घाम, लघवी यांच्या संयोगातून तयार होणाऱ्या क्लोरामाइन्सचा असतो, म्हणजे बहुतेकदा ताजं क्लोरीन कमी पडल्याची आणि आंघोळ न करता उतरणाऱ्यांची तक्रार असते. तपासणीची वही दाखवा म्हणा. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, 7.2 ते 7.8 च्या दरम्यान आणि मोकळं क्लोरीन निदान 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग), एवढे दोन आकडे पुरेत.

तापमानाचं महत्त्व लोकांना कळत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता ओढून नेतं. स्पर्धेच्या तलावाचं पाणी 25 ते 28 अंशांवर ठेवतात, कारण तिथली माणसं सतत जोर लावत असतात. नवशिका उभाच जास्त असतो. लहान मुलांना 30 च्या वरचं पाणी लागतं. ओठ निळसर झाले, दात वाजायला लागले की तास संपला, घड्याळात काहीही वाजलेले असोत. थंडीनं आखडलेलं मूल भित्रं वाटतं आणि पालक उगाच त्याला ओरडतात.

मुलांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून दगावली आणि त्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. म्हणून लवकर शिकवावं हे बरोबर. पण किती लवकर? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं म्हणणं असं, की 1 वर्षानंतर शिकवण्याचा फायदा होऊ शकतो आणि चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलं त्यासाठी तयार होतात. एक वर्षाखालच्या बाळाला पोहायला शिकवून धोका कमी होतो याला पुरावा नाही. बाळाला घेऊन कोमट पाण्यात खेळा, मजा करा, पण "सहा महिन्यांचं बाळ स्वतःला वाचवेल" असं सांगून फी घेणाऱ्यापासून लांब राहा. तान्ह्या बाळाला पुन्हा पुन्हा पाण्याखाली घातलं की ते पाणी गिळतं, आणि जास्त पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम घसरून फिट येऊ शकते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासापेक्षा मोठा तास नको. पर्सनल कोचिंगमध्ये मधली विश्रांती नसते, मूल लवकर थकतं. आठवड्यातून एकदा एक तास यापेक्षा तीनदा अर्धा तास कितीतरी बरा.

रडण्याबद्दल पालकांचे दोन पक्ष असतात: रडलं की लगेच काढणारे आणि रडलं तरी न काढणारे. मी रडण्यापेक्षा मुलाचा हात बघते. रडतंय पण कोचच्या मानेला मिठी मारून आहे, म्हणजे पाण्याला घाबरलंय, कोचला नाही. हे दोन-तीन तासांत निवळतं. रडतंय आणि कोचपासून दूर काठाकडे झेपावतंय, तर त्या जोडीचं जमत नाहीये. कोच वाईटच असेल असं नाही, पण बदला.

काही गोष्टी तिथल्या तिथे ठरवून घ्या. मुलाला कुठे आणि कसं धरणार, हे कोचनं आधी सांगावं, मुलालाही सांगावं. कपडे बदलताना कोच आत जाणार नाही. क्लास नेहमी उघड्यावर, इतर मोठ्यांना दिसेल असा. "आईबाबा समोर असले की मूल ऐकत नाही" हे खरं असतं, त्यावर उपाय म्हणजे मुलाला दिसणार नाही पण मूल तुम्हाला दिसेल अशा जागी बसणं. आणि बसल्यावर गप्प बसा. काठावरून "पाय मार, पाय मार" ओरडणारे बाबा हे माझ्या खुर्चीखालचं कायमचं दृश्य आहे. मूल कुणाकडे बघणार? कोचकडे की तुमच्याकडे?

दंडाला बांधायच्या हवेच्या फुग्यांवर शिकवणारा कोच मला पटत नाही. त्यांनी मूल पाण्यात उभं तरंगतं, आणि पोहायला तर आडवं व्हावं लागतं. शिवाय मुलाची खात्री पटते की मला पोहता येतं. फुगे न बांधता एक दिवस ते पाण्यात उडी घेतं. किकबोर्ड (तरंगती फळी), नूडल (फोमची लांब नळी) ही साधनं वेगळी, ती मूल हातानं धरतं आणि सोडू शकतं. गॉगल वापरा, पण दर तासाला थोडा वेळ गॉगलशिवायही पाण्यात तोंड घालायला लावा. चुकून पाण्यात पडणारं मूल गॉगल लावून पडत नाही.

पोहण्याचा पोशाख भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. निळा आणि पांढरा रंग पाण्याखाली दिसेनासा होतो, मला तर वरून फारच. जुलाब झालेल्या मुलाला क्लास बुडेल म्हणून पाठवू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त जगतो.

ज्या मुलांना गोंगाट सहन होत नाही, सूचना उशिरा पोहोचतात, स्वमग्नता किंवा अतिचंचलता आहे, त्यांच्यासाठी पर्सनल कोचिंगला मला तरी दुसरा पर्याय दिसत नाही. गटात ही मुलं हरवतात. रोज तीच वेळ, पाण्यातली तीच कडा, तोच कोच, आणि तासात काय काय होणार याचा ठरलेला क्रम, एवढं जमवून देणारा माणूस शोधा. मूल धीट, बोलकं आणि दुसऱ्याचं बघून शिकणारं असेल, तर मात्र पर्सनलवर खर्च करू नका. गटात ते जास्त खुश राहील.

मोठ्यांसाठी

माझा जीव अडकतो तो यांच्यात. मूल कुणीतरी आणून सोडतं, मोठा माणूस स्वतःच्या पायांनी येतो, आणि पहिल्या दिवशी बदलायच्या खोलीतून बाहेर यायलाच त्याला वेळ लागतो. पर्सनल कोचिंगचं खरं चीज मोठ्यांच्या बाबतीत होतं, कारण त्यांना शिकवण्याआधी ऐकून घ्यावं लागतं, आणि ऐकून घ्यायला बॅचमध्ये कुणाला वेळ असतो?

मोठ्यांना वाटतं की आपल्याला बुडायची भीती आहे. छातीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला बुडायची भीती कशाला वाटेल? त्यांना भीती असते ती आडवं झाल्यावर पाय परत तळाला टेकणार नाहीत याची. म्हणून माझी पहिली कसोटी: कोच तरंगायच्या आधी, किंवा निदान त्याच तासाला, उभं राहायला शिकवतो का? गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचं, पाय खाली सोडायचे, आणि पाय टेकल्यावरच डोकं उचलायचं. आधी डोकं उचललं की तोल जातो आणि माणूस गटांगळी खातो. पाच मिनिटांचं हे शिक्षण ज्याला मिळतं, तो तरंगायला स्वतःहून तयार होतो. ज्याला मिळत नाही तो कठडा सोडत नाही.

दुसरी कसोटी श्वासाची. "श्वास धरा आणि तोंड घाला" असं सांगणारे पुष्कळ असतात. श्वास धरला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जीव घाबरा होतो तो त्यामुळे, प्राणवायू तोवर संपलेला नसतो. तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडानं सावकाश हवा सोडत राहायची, म्हणजे वर आल्यावर फक्त घ्यायची उरते. हे आधी काठाशी उभं राहून जमायला हवं. ज्यांना "दोन हात मारले की दम लागतो" असं वाटतं, त्यांचा दम कमी नसतो, हवा आत कोंडलेली असते.

आणि पाय बुडतात म्हणून निराश होऊ नका. छातीत हवा असते, पायांत स्नायू आणि हाडं. त्यामुळे शरीर छातीशी वर आणि पायाशी खाली असंच झुकतं. सडपातळ, कमावलेल्या पुरुषांचे पाय तर दगडासारखे जातात. उताणं तरंगताना हात डोक्यामागे नेले की तोल सुधारतो. हे न सांगता "तुम्ही ताठ होताय" एवढंच म्हणत राहणाऱ्या कोचला स्वतःलाच कारण ठाऊक नसतं.

आधी कुठला प्रकार शिकावा यावर तलावावर वाद चालतात. फ्रीस्टाइलवाले, म्हणजे पालथं होऊन एकेक हात पुढे टाकत क्रॉल मारणारे, ब्रेस्टस्ट्रोकला, म्हणजे दोन्ही हात-पाय बेडकासारखे एकदम हलवत पोहण्याला, हसतात. मॅथ्यू वेब यांनी 1875 मध्ये इंग्लिश खाडी ब्रेस्टस्ट्रोकनं पार केली, जवळपास 22 तास पोहून, आणि 1926 मध्ये गर्ट्रूड एडरली क्रॉल मारत 15 तासांच्या आत पलीकडे पोहोचल्या. वेग हवा तर क्रॉलच, यात शंका नाही. पण ज्याला डोकं वर ठेवल्याशिवाय चैन पडत नाही त्याला ब्रेस्टस्ट्रोकनं सुरुवात केली तर निदान पुढे तरी जाता येतं. गुडघे दुखत असतील तर मात्र त्यातली लाथ त्रास देते, अशांना बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पोहणं, बरा. सगळ्यांना एकच क्रम लावणारा कोच पर्सनल काय शिकवतोय, हे मला कळत नाही.

संकोच हा विषय फोनवरच बोलून घ्या: गर्दी नसलेली वेळ, अंगभर पोशाख चालेल का, बाईच शिकवायला हवी असेल तर तसं. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि कारणही द्यायची गरज नाही. फिट येत असेल, हृदयाचा त्रास असेल, कानाच्या पडद्याला भोक असेल तर डॉक्टरांना विचारून या, आणि कोचलाही सांगा. दमा असेल तर इन्हेलर पिशवीत नको, काठावर हवा. साठीच्या पुढच्यांनी शिडीपेक्षा रुंद पायऱ्या आणि कठडा असलेला तलाव बघावा. आत उतरणं सोपं असतं, थकल्यावर वर चढणं नाही.

एक आगाऊ सल्ला: नवराबायकोपैकी एकाला आधीपासून येत असेल तर त्यानं क्लासच्या वेळी तलावावर येऊ नये.

किती तास, कुठवर

सुरुवातीला चार-पाच तासांचेच पैसे भरा. मोठं पॅकेज स्वस्त पडतं, पण आवडलं नाही तर अडकून पडता. फीमध्ये तलावाचा प्रवेश धरला आहे का, तुम्ही किंवा कोच आला नाही तर तो तास पुढे मिळतो का, आणि दर वेळी तोच कोच असेल का, हे लिहून घ्या. शेवटचा मुद्दा सोडू नका. बोलणी एका अनुभवी माणसाशी होतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याचा शागीर्द येतो.

"दहा दिवसांत चारही स्ट्रोक, गॅरंटी" असं म्हणणाऱ्याला विचारा की अकराव्या दिवशी मी खोल पाण्यात पडलो तर काय होईल. ध्येय म्हणून अमेरिकन रेड क्रॉसची पाच कौशल्यं मला सगळ्यात पटतात: डोक्यावरून पाणी जाईल अशा खोलीत उतरून वर येणं, एक मिनिट तरंगणं किंवा पाणी तुडवत राहणं, गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधणं, 25 यार्ड, म्हणजे सुमारे 23 मीटर, न थांबता तिथपर्यंत जाणं, आणि शिडीशिवाय काठावर चढणं. स्ट्रोक कुठला मारता याला यात महत्त्वच नाही. पहिल्याच दिवशी कोचला ही यादी सांगा आणि यातलं कुठपर्यंत आलो हे दर थोड्या दिवसांनी विचारत राहा.

चार-पाच तासांनंतर तोंड पाण्यात जात नसेल, तरंगून उभं राहणं जमत नसेल, तर कोचशी बोला. कारण सांगता आलं आणि पुढे काय करणार तेही सांगता आलं, तर थांबा. "होईल, होईल" एवढंच उत्तर असेल तर पैसे वाचवा. आणि भरभर श्वास घेऊन पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ राहायच्या शर्यती लावणारा कोच दिसला, तर त्या दिवसापासूनच बंद करा, मूल कितीही रमलेलं असो. भरभर श्वास घेतल्यानं कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे वर यायची तगमग वेळेवर होत नाही, आणि माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपतो. बाहेरून ते पोहण्याचा सराव केल्यासारखंच दिसतं.

भीती गेली, थोडं अंतर जमायला लागलं की पर्सनल थांबवून गटात जा. दम वाढवायला, लेनमध्ये दुसऱ्यांना सांभाळून पोहायला गटच लागतो. नंतर कधी श्वासाच्या बाजूची किंवा लाथेची अडचण आली तर तेवढ्यापुरते दोन तास पुन्हा घ्या. प्रामाणिक कोच हे स्वतःच सुचवतो.

पर्सनलचा शेवटचा तास मात्र कपडे घालून मागा. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हलकी पँट, धुऊन स्वच्छ केलेली. जीन्स पहिल्यांदा नको. तलावाची परवानगी आधी काढावी लागते आणि जीवरक्षकाला सांगून ठेवावं लागतं, नाहीतर आम्ही शिट्टी मारून बाहेर काढतो. उथळ बाजूनं सुरुवात करून, कोच शेजारी असताना, अंगाला चिकटलेल्या बाह्यांनिशी तरंगून आणि वळून काठ गाठायचा. मूल असेल तर त्याला हा तास सगळ्यात जास्त आवडतो. कपडे बदलायला दुसरा जोड आणि ओले भरायला पिशवी घेऊन या.